निवृत्तीनंतरची नोकरी आणि हातातलं काम ताजं ठेवणं : गोव्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचं टाइम ऑफिस मी एकोणतीस वर्षं सांभाळलं. हजेरी, पगारपत्रक, पीएफ, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा), रजा, सगळं. ५८ पूर्ण झाली त्या महिन्याच्या शेवटी निवृत्त झाले. चार महिने घरी काढले आणि मग बेतोड्याच्या एका लहान युनिटमध्ये आठवड्यातून तीन सकाळी जाऊ लागले. तेव्हापासून देवळातल्या महाप्रसादाच्या पंगतीत, फोंड्याच्या बाजारात, लग्नाच्या मांडवात लोक बाजूला घेऊन तेच तेच विचारतात. ती उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे.

निवृत्तीचं वय नक्की किती? कोणी ५८ म्हणतं, कोणी ६०.

दोन्ही खरं आहे. सरकारी नोकरीत ६०. खासगी कारखान्यात तुमच्या नेमणुकीच्या पत्रात किंवा कंपनीच्या स्थायी आदेशांत (नोकरीच्या लेखी नियमांत) जे लिहिलं असेल ते, बहुधा ५८ किंवा ६०. ईपीएफच्या, म्हणजे आपल्या पीएफच्याच, पेन्शन योजनेचं वय मात्र सगळ्यांना ५८ च. घोटाळा इथेच होतो. कंपनी साठीपर्यंत ठेवणार असली तरी पेन्शनचा हिशेब ५८ लाच वेगळ्या वाटेने जातो. नेमणुकीचं पत्र कपाटात कुठे आहे ते आजच शोधा. निम्म्या लोकांना ते सापडत नाही, आणि निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात टाइम ऑफिसच्या दारात उभं राहून काही उपयोग नसतो.

५८ नंतर त्याच कंपनीत राहिलो तर पीएफचं काय?

पीएफ चालू राहतो. बदल एवढाच की मालकाच्या हिश्शातले जे ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जायचे ते ५८ नंतर तिकडे न जाता तुमच्या पीएफच्या खात्यात जमा व्हायला हवेत. पासबुक उघडून बघा. पगारपत्रक करणाऱ्याने संगणकात ती खूण बदलली नाही तर पैसे चुकीच्या खात्यात जात राहतात आणि नंतर दुरुस्तीला महिने लागतात.

राहायचं ते कशाच्या जोरावर, हेही विचारा. मुदतवाढ म्हणजे तीच नोकरी पुढे चालू. कंत्राट म्हणजे जुना हिशेब मिटवून नवी सुरुवात. कंत्राटावर घेणार असतील तर आधी ग्रॅच्युइटी, म्हणजे इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल मिळणारी एकरकमी रक्कम, हातात घ्या. हिशेब सोपा आहे: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, त्याला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, मग सेवेच्या वर्षांनी गुणायचं. २६,००० पगार आणि ३० वर्षं सेवा असेल तर साडेचार लाख होतात. कंपनीतून बाहेर पडण्याआधी हा आकडा कागदावर मांडून ठेवा.

पेन्शन घेत असताना दुसरीकडे नोकरी धरली तर पेन्शन बंद होतं का?

ईपीएफचं पेन्शन बंद होत नाही. ५८ पूर्ण झालेला माणूस पेन्शन घेत घेत दुसरीकडे पगार घेऊ शकतो. नव्या जागी पीएफ कापला जाईल, पेन्शन योजनेत पुन्हा जाता येणार नाही, इतकंच.

आणखी एक वाट फार थोड्यांना माहीत असते. काम चालू असेल आणि पेन्शनची लगेच गरज नसेल तर ते साठीपर्यंत पुढे ढकलता येतं, आणि दर वर्षामागे ४ टक्के वाढतं. उलट ५० नंतर पण ५८ च्या आधी घेतलं तर दर वर्षामागे ४ टक्के कायमचं कमी होतं. गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा घाईने असं पेन्शन घेतलेले लोक मी पाहिलेत. घरात चूल पेटवायची होती, त्यांना दोष कसा देणार? पण ती कपात जन्माची झाली.

पेन्शन फार मोठं असतं अशा भ्रमात मात्र राहू नका. त्याच्या हिशेबात पगार १५,००० च्या वर धरला जात नाही, आणि सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या सेवेला तर ६,५०० च्या वर नाही. १९९६ ला लागून २०२४ ला निवृत्त झालेल्या, पगार या मर्यादेच्या वर असलेल्या माणसाच्या हातात महिन्याला चार हजारांच्या आसपास येतात. साठीनंतर काम शोधणाऱ्यांपैकी कितीतरी जण हा आकडा बघूनच माझ्याकडे आलेत. वेळ जात नाही म्हणून आलेले त्यामानाने थोडे.

मी सरकारी खात्यातून निवृत्त झालो. मला काही बंधन आहे का?

गट अ चे अधिकारी असाल तर निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षात खासगी नोकरी किंवा धंद्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागते. बाकीच्यांना ही अट नाही. सरकारनेच पुन्हा कामावर घेतलं तर पगार ठरवताना पेन्शनचा विचार होतो, त्यामुळे दोन्ही मिळून जुन्या पगाराच्या वर जाईल अशी अपेक्षा ठेवू नका.

नवं काही शिकायला सुरुवात कधी करावी?

५२-५३ ला. पगार चालू असताना. याबद्दल माझं मत ठाम आहे आणि मी ते जीव तोडून सांगते.

कारण कंपनीत असताना यंत्र तुमच्यासमोर असतं, शिकवणारं माणूस शेजारच्या टेबलावर असतं, आणि चूक झाली तर ती सुधारण्याचा पगारही मिळत असतो. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी यातलं काहीच राहत नाही. पासवर्ड बंद, गेटपास जमा, आणि तेच सॉफ्टवेअर शिकायला बाहेर पैसे मोजायचे.

मी ५३ ची असताना आमच्याकडे पंचिंग कार्डं जाऊन बोटाच्या ठशाची हजेरी आली, आणि पगारपत्रक नव्या सॉफ्टवेअरवर गेलं. पहिले दोन महिने मी हाताने रजिस्टर भरत राहिले, मनात धरून की हे बंद पडेल. ते बंद पडलं नाही, माझं काम दुप्पट झालं. शेवटी ऑफिसात नवीनच लागलेल्या चोवीस वर्षांच्या मुलीला म्हटलं, बाय, शनिवारी अर्धा तास मला दे. ती सांगायची, मी शंभर पानी वहीत एकेक पायरी मराठीत लिहून घ्यायचे: कुठलं बटण, मग काय दिसतं, दिसलं नाही तर काय करायचं. सहा शनिवार लागले. बेतोड्याच्या मालकांनी मला घेतलं ते एकोणतीस वर्षांच्या अनुभवावर नाही. त्यांनी विचारलं, "हे सॉफ्टवेअर येतं?" मी हो म्हटलं.

काय शिकू? माझं क्षेत्र आता जुनं झालंय.

क्षेत्र सहसा जुनं होत नाही. त्यातले नियम आणि अवजारं बदलतात. तुमच्या कामात गेल्या पाचसात वर्षांत काय बदललं तेवढंच धरा. सगळं नव्याने शिकायची गरज नसते.

हिशेबनीस असाल तर जीएसटी येऊन (१ जुलै २०१७) इतकी वर्षं झाली, तरी विवरणपत्र स्वतः भरता न येणारे जुने जाणकार मी पाहते. रोजकीर्द त्यांच्याइतकी कोणाला कळत नाही, पण टॅलीवर नोंद करून पोर्टलवर चढवता आली नाही तर पतसंस्था त्यांना घेत नाही. औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात असाल तर शेड्यूल एमचे, म्हणजे औषध बनवण्याच्या दर्जाचे, सुधारित नियम २०२३ च्या अखेरीस आले. ते ज्याला मुखोद्गत आहेत आणि जुन्या तपासण्याही ज्याने पाहिल्यात, अशा माणसाला वेर्ण्यापासून पिळर्णपर्यंत मागणी आहे. लहान युनिटला पूर्णवेळ तज्ज्ञ परवडत नाही, महिन्यातून सहा दिवस येणारा चालतो.

इलेक्ट्रिशियन, फिटर, देखभाल विभागातल्या लोकांनी पीएलसी पॅनेल (यंत्रं आपोआप चालवणारी नियंत्रण पेटी) आणि छपरावरची सौर यंत्रणा या दोन गोष्टी शिकाव्यात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती सौर पॅनेलला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, त्यामुळे गावोगाव छपरं भरू लागलीत. पॅनेल बसवायला तरुण पोरं आहेत. पावसाळ्यानंतर दुरुस्तीला, अर्थिंग तपासायला, घरमालकाला बिल समजावून सांगायला भरवशाचा माणूस लागतो.

छापखान्यात डीटीपी करणाऱ्यांची गोष्ट मला विशेष सांगावीशी वाटते. श्रीलिपी या जुन्या सॉफ्टवेअरवर आयुष्य गेलेले हात युनिकोडला, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या टंकलेखनाला, घाबरतात. पण गोव्यात शुद्ध मराठी टंकलेखन आणि मुद्रितशोधन दोन्ही येणारं माणूस दिवसेंदिवस दुर्मीळ होत चाललंय. देवस्थानांच्या स्मरणिका, शाळांचे वार्षिक अंक, लग्नपत्रिका, स्पर्धांची पत्रकं, सगळं अजून मराठीत निघतं. त्यासाठी लागणारा इनस्क्रिप्ट कळफलक रोज एक तास बसून महिनाभरात हातात येतो.

वाहन चालवणाऱ्यांनी परवान्याकडे लक्ष द्यावं. ५५ नंतर खासगी परवानाही पाच पाच वर्षांसाठीच नवा होतो आणि डॉक्टरचा दाखला लागतो. डोळे आधी तपासून घ्या.

कुठे शिकू? या वयात कोण वर्गात घेतं?

स्वयम हे केंद्र सरकारचं पोर्टल २०१७ पासून आहे. वयाची अट नाही, शिकणं फुकट, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी. इग्नूच्या बहुतेक अभ्यासक्रमांनाही वयाची वरची मर्यादा नाही. पण स्वयमवरचे बरेच धडे इंग्रजीत आहेत. तुमचं शिक्षण मराठी माध्यमातलं असेल तर पहिला आठवडा जड जाईल. व्हिडिओ थांबवून थांबवून बघा, लाज वाटून घेऊ नका.

हाताने काम करणाऱ्यांसाठी एक सूचना. तीस वर्षं वेल्डिंग केलं पण आयटीआयचा कागद नाही, असे कितीतरी आहेत. पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत आधीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. तिथे वयाची वरची मर्यादा ५९ आहे. म्हणजे हा कागद निवृत्तीआधीच मिळवायचा. नंतर आठवण होऊन उपयोग नाही.

आणि सर्वांत जवळची शाळा म्हणजे घरातला भाचा, पुतणी, शेजारचा मुलगा. त्यांना फक्त एक अट घाला: मोबाइल माझ्या हातातून घ्यायचा नाही, तोंडाने सांगायचं.

मी सुतार आहे. मला कुठली निवृत्ती? पण धंदा उतरला.

तुमच्यासाठी पीएम विश्वकर्मा योजना आहे, १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली. सुतार, कुंभार, सोनार, लोहार, गवंडी, शिंपी, न्हावी असे १८ व्यवसाय त्यात येतात. वय १८ पासून पुढे कितीही चालतं. पाच ते सात दिवसांचं प्रशिक्षण, रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० पर्यंत मदत, आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख, ते फेडल्यावर दोन लाख कर्ज. घरातल्या एकालाच मिळतं, आणि कुटुंबात कोणी सरकारी नोकरीत असेल तर नाही.

प्रशिक्षणाला गेलेल्या आमच्या वाड्यावरच्या एका वयस्क सुताराला सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला विचाराल तर क्यूआर कोडचा. गिऱ्हाईक माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची आरास) बांधायची लाकडी चौकट घेऊन जायचं आणि "मागाहून देतो" म्हणायचं. आता तिथल्या तिथे पैसे येतात.

खाणी बंद झाल्या तेव्हा चाळिशी-पन्नाशीतले लोक एकदम रस्त्यावर आले. तसं पुन्हा झालं तर?

हा प्रश्न डिचोली, सत्तरी, सांगे भागातून नेहमी येतो, आणि का येतो ते मला कळतं. २०१२ ला पहिल्यांदा सगळं थांबलं. पुन्हा जरा सुरू झालं, मग सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये खाणींच्या ८८ लीज (भाडेपट्टे) रद्द केल्या आणि १६ मार्चपासून काम पुन्हा ठप्प. त्यात कामगारांची काही चूक नव्हती.

त्या वेळी सावरलेले कोण, हे मी माझ्या परीने पाहिलं. डंपरचा चालक फक्त डंपर चालवत होता, तो अडला. डंपरचं हायड्रॉलिक दुरुस्त करता येत होतं तो कारखान्यात फोर्कलिफ्टवर लागला. प्रयोगशाळेत नमुने तपासणारा औषध कंपनीत गेला. ज्याचं कसब दुसऱ्या दारातही चालत होतं, तो तरला. म्हणून शिकताना एक गोष्ट अशी शिका जी तुमच्या कंपनीबाहेरही कोणाला तरी हवी आहे.

काम मिळेल कुठे?

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२१ मध्ये ज्येष्ठांच्या नोकरीसाठी सेक्रेड नावाचं पोर्टल सुरू केलं. नाव नोंदवून ठेवा. पण गोवा लहान आहे, इथे काम तोंडोतोंडीच मिळतं. जुन्या पुरवठादारांना, ऑडिटला येणाऱ्यांना, शेजारच्या युनिटच्या लोकांना निवृत्तीच्या सहा महिने आधी सांगून ठेवा की मी मोकळा होणार, आठवड्यातून इतके दिवस देऊ शकतो, अमुक काम करू शकतो. "काहीही असेल तर सांगा" असं म्हणू नका. काहीही करणाऱ्या माणसाची कोणाला आठवण होत नाही.

देवस्थानांची कार्यालयं, पतसंस्था, गृहनिर्माण संस्था, दवाखाने, सनदी लेखापालांची ऑफिसं (जुलैच्या विवरणपत्रांच्या गर्दीत त्यांना हात कमी पडतात), हंगामात हॉटेलांची भांडारं, इथे अर्धवेळ माणूस लागतो. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांचं प्रमाण केरळ सोडला तर गोव्यात सगळ्यांत जास्त होतं, ११.२ टक्के. मुलं पुण्या-बंगळुरूला, नाहीतर परदेशात. काम इथेच आहे, ते करणारे हात पिकलेले आहेत.

एक धोक्याची सूचना. नोकरी देण्यासाठी आधी पैसे मागणारा प्रत्येक माणूस लबाड आहे, अपवाद नाही. घरबसल्या काम, नोंदणी शुल्क, लॅपटॉपची अनामत, सगळं तेच. ओळखीतले एक निवृत्त शिक्षक यात ४०,००० गमावून बसले आणि महिनाभर घरात कोणाला बोलले नाहीत. पैसे गेले तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

पगार किती मागावा?

जुना पगार विसरा, तासांवर बोला. आणि पहिल्याच दिवशी कागदावर घ्या.

मुलाच्या वयाचा साहेब आहे. कसं निभवायचं?

हा प्रश्न पुरुष जास्त विचारतात. बेतोड्यात माझा साहेब माझ्या धाकट्या मुलापेक्षा लहान आहे. तो मला मॅडम म्हणतो, मी त्याला सर म्हणते. सुरुवातीला जीभ अडखळली. पण "आमच्या वेळी असं नव्हतं" हे वाक्य मी तिथे उच्चारत नाही. सल्ला विचारला तरच देते, आणि तोही एकदाच. त्याने ऐकला नाही तर त्याच्या पद्धतीने काम करते. चतुर्थीच्या आधी बोनसचा हिशेब चुकणार हे मला दिसत होतं. केबिनमध्ये जाऊन एकट्याला सांगितलं, चारचौघांत नाही. तेव्हापासून तो स्वतःहून विचारायला येतो.

आयकराचं काय?

पगारावर किंवा पेन्शनवर जगत असाल तर २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर पडत नाही, त्यामुळे बहुतेकांनी घाबरायचं कारण नाही. घोळ होतो तो सल्लागार म्हणून पैसे घेताना. कंपनी तुमच्या फीमधून १० टक्के टीडीएस (आगाऊ कापलेला आयकर) कापते, तो विवरणपत्र भरल्याशिवाय परत मिळत नाही. शिवाय साठीनंतर आगाऊ कर भरण्यापासून सूट असते ती धंद्या-व्यवसायाचं उत्पन्न नसेल तरच. सल्लागाराची फी ही व्यवसायाचं उत्पन्न धरली जाते. पहिल्या वर्षी जाणकाराकडूनच विवरणपत्र भरून घ्या.

नोकरी सुटली की ईएसआय सुटतं. आजारपणात काय करायचं?

ईएसआयमध्ये किमान पाच वर्षं असाल आणि निवृत्त झाला असाल तर वर्षाला फक्त १२० रुपये भरून नवरा-बायको दोघांनाही उपचार चालू राहतात. हे माझ्या हाताने मी किती जणांना करून दिलं! पण इथे एक काटा आहे. कागदावर "निवृत्त" लिहिलेलं असावं. एका ओळखीच्या बाईंच्या पत्रात त्यांच्या कंपनीने "राजीनामा" लिहिलं आणि ते बदलून घ्यायला त्यांनी आठ खेपा घातल्या. बाहेर पडण्याच्या दिवशी पत्र तिथेच उभं राहून वाचा. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, आधारशी जुळतं का तेही. आपल्याकडे नाईक, गावकर, प्रभू ही आडनावं इंग्रजीत तीन कागदांवर तीन तऱ्हांनी असतात.

याशिवाय गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड चालू ठेवा, आणि सत्तरी ओलांडलेल्यांनी आयुष्मान वय वंदना कार्ड काढावं, त्यात वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार आहेत. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत ज्येष्ठांना महिन्याला मिळणारे २,००० मात्र पगारदार माणसासाठी नाहीत, त्याला उत्पन्नाची अट आहे.

घरचे म्हणतात, आता बसून राहा, लोक काय म्हणतील?

बायकांना हे वेगळ्या शब्दांत ऐकावं लागतं: "आता नातवाला सांभाळ." नातू मला प्राणाहून प्रिय आहे. पण माझ्या निवृत्तीचा अर्थ घरच्यांनी बिनपगारी पूर्णवेळ असा लावला होता, आणि तो मला मान्य नव्हता. मी सुनेला बसवून वार ठरवले: सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी मी कामाला, बाकी सगळं तुमचं. पहिला महिना कुरकुर झाली. आता शुक्रवारी माझा डबा सून भरते.

थांबावं कधी?

रात्रपाळी आणि शिडी या दोन गोष्टी साठीनंतर करूच नयेत, कितीही पैसे मिळोत. बाकी प्रत्येकाचं वेगळं. शनिवारी मला शिकवणारी ती मुलगी आता बेतोड्याच्याच युनिटमध्ये आली आहे, आणि माझी शंभर पानी वही सध्या तिच्या टेबलावर असते. पगारपत्रकात एका महिन्यात माझ्या दोन चुका सापडल्या तर साहेबांना सांगण्याआधी तिने मला सांगायचं, असं आमचं ठरलंय. दर महिन्याच्या सात तारखेला, पगार झाला की, मी तिला विचारते.